पाच पाकळ्यांचे चाक

दि. ४ फेब्रुवारी

लिहून देणार: मी, चौकातील सायकलीच्या दुकानाचा मालक व त्यातील एकमेव कारागीर, ज्यास गिऱ्हाईक 'निळे मास्तर' म्हणून ओळखते; वय वर्षे अठ्ठ्याहत्तर; शिक्षण चौथी पास; दृष्टी चष्म्यासह उत्तम; आपल्याशी नाते, आपल्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचा पती, म्हणजेच आपला थोरला साडू; कारणे लिहून देतो ऐसाजे.

आपण फोनवर बोलून घेऊ म्हणाला होता. फोनवर बोललेल्या शब्दास नंतर धरता येत नाही, सबब लेखी.

गेल्या सोमवारी मी दंतवैद्य बाईंच्या घरी ब्रेकच्या कामासाठी गेलो होतो. बाई दिवसभर लोकांचे दात पाहतात आणि संध्याकाळी सायकली पाहतात. त्या सायकल चालवीत नाहीत, बैठकीच्या भिंतीवर टांगतात. सोफ्यावर बसलेल्या माणसाची नजर प्रथम जेथे जाते, त्या समोरच्या भिंतीवर गेली कित्येक वर्षे मी बांधलेल्या सायकली होत्या. एकीसारखी दुसरी नाही. सांध्यांवरची पाने कानशीने घासून काढलेली, फ्रेमवरच्या रेघा हाताने ओढलेल्या, आणि प्रत्येकीचे चेनव्हील, म्हणजे पायडलांमधले दातेरी चाक, तापवून निळे केलेले. घासलेले पोलाद तापल्या वाळूवर ठेवले की ते आधी पिवळे होते, मग तपकिरी, मग जांभळे, मग निळे, आणि त्यापुढे राखाडी होऊन संपते. चिमट्याने ते सतत फिरवीत राहणे आणि निळ्यावर नेमके उचलून तेलात घालणे, एवढेच मी जन्मभर केले. माझा निळा कडेपासून मध्यापर्यंत एकच असतो. म्हणून निळे मास्तर.

सोमवारी त्या भिंतीवर आपली सायकल होती. माझ्या सायकली जिन्यात होत्या. त्यांपैकी एकीच्या हँडलला कोणीतरी छत्री अडकवली होती.

मी ब्रेकचे काम केले. चहा नाकारला.

आपल्या सायकलीविषयी माझे मत विचारल्यास (आपण विचारलेले नाही) ते असे की, फ्रेम हस्तिदंती रंगाची आहे, बरी आहे. पायडले पितळेची आहेत, बरी आहेत. मुठींवरच्या चामड्याचे टाके जवळजवळ व सरळ पडले आहेत, ते बहुधा माझ्या मेहुणीचे असावेत. आता चेनव्हील. त्याच्या मध्यभागी पाच पाकळ्यांची कापणी आहे. ती कापणी माझी आहे. या धंद्यात ती दुसरा कोणी करीत नाही, व केल्यास ती नक्कल होय.

शिवाय रंग. तो एक नाही. एका कडेस निळा, मग जांभळा, मग तांबूस, आणि पलीकडच्या कडेस सोन्यासारखा पिवळा. आणि त्यांच्या सीमा सरळ नसून, तळ्याच्या काठी पाण्याखालची वाळू हलते तशा आहेत. नियमाने पाहता हा दोष आहे. तो दोष मी बराच वेळ पाहिला. बाई दोनदा येऊन गेल्या.

सबब विचारणे की, पाच पाकळ्या आपण कोणाच्या परवानगीने कापल्या, आणि रंगाचा तो दोष कोणत्या पद्धतीने आणला. दुसरा प्रश्न केवळ नोंदीसाठी आहे. या पत्रात मत्सराचा लवलेश नाही.

आपला,
निळे मास्तर

◆

दि. १३ फेब्रुवारी

साडूभाऊ मास्तर, सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोस्टमननं हातात दिलं तेव्हा मला वाटलं कोर्टाची नोटीस. धाकटी म्हणाली, "उघडू नका, आधी वकील बघा." मग अक्षर ओळखलं आणि म्हणाली, "भाऊजींचं आहे. म्हणजे वकील नक्कीच बघा."

अहो, मी साधा मीटरवाला. जन्मभर सायकलवरून फिरून लोकांच्या घरची पाण्याची मीटर वाचली. रिटायर झालो, पाय स्वस्थ बसेनात, म्हणून मागच्या खोलीत सायकली जोडायला लागलो. तुम्ही बांधता, मी जमवतो. कुठून फ्रेम आण, कुठून घंटी आण, रंगाला रंग लावून बघ. या सायकलीचं म्हणाल तर चाक आधी हाती आलं आणि बाकी सगळी सायकल मी त्याच्याभोवती जमवली. चाकातला पिवळा पायडलांना दिला, तांबूस चामड्याला दिला, आणि फ्रेम अशी ठेवली की ती मध्ये बोलणार नाही. तुमच्या पाच पाकळ्यांवर मी कानस चालवलेली नाही. शपथेवर सांगतो, पाहिजे तर स्टँपपेपर पाठवा.

छत्रीचं वाचून वाईट वाटलं. हसलोसुद्धा, खोटं कशाला बोलू.

आता एक आपलं सहज विचारतो. एकदा आलेला रंग पुन्हा हुबेहूब तसाच आणायचा असेल, तर जाणकार माणूस सुरुवात कुठून करेल? मला माहीत नाही असं नव्हे, पण तुमचं मत कळलं तर बरं. बाईंना त्या सायकलीची जोडीदार हवी आहे. दोघींना त्या भिंतीवर तोंडाला तोंड लावून ठेवायचं म्हणतात. मी हो म्हणून बसलोय.

तुमचा,
मीटरवाला

ता. क. भाऊजी, टाके माझेच. ते तुम्हाला लांबून दिसले, घरातल्या माणसाला दाखवावे लागले. ताईला माझा निरोप द्या, हसू नको म्हणावं. — धाकटी

◆

दि. २६ फेब्रुवारी

साडूबुवा यांस,

आपले पत्र पोचले. त्यातील सहज विचारलेला प्रश्न मी दोनदा वाचला. आपण मला परीक्षेस बसविले आहे, हे समजण्याइतकी चौथी मी पास आहे. ज्याने रंग आणला त्याने, ज्यास आणता येत नाही असे आपण समजता त्यास, "सुरुवात कुठून करावी" असे विचारणे यास आमच्या वेळी दुसरा शब्द होता. तो मी लिहीत नाही.

आपणास कोणीतरी सांगितले असेल की माझ्या दुकानात हल्ली रोज वाळू तापते. वाळू मी स्वच्छतेसाठी बदलली. तापविली ती कोरडी करण्यासाठी.

मेहुणीचा निरोप मी पत्नीस दिला. तो ऐकून ती अधिकच हसली व कारण विचारता भांडी घासावयास निघून गेली. भांडी घासलेली होती.

दुसरे असे की, मी काल दंतवैद्य बाईंकडे गेलो होतो. स्वतःहून नव्हे, ब्रेकची तार पुन्हा तपासणे आवश्यक वाटले. बोलण्यात जोडीदार सायकलीचा विषय निघाला. मी काढला नाही, परंतु निघाल्यावर थांबविलाही नाही. मी बाईंस म्हणालो की भिंतीवर इतकी वर्षे ज्याचे काम होते, तो अद्याप जिवंत आहे. बाई चांगल्या स्वभावाच्या आहेत. त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या निळ्याला तोड नाही, पण मला आता हेच हवंय. हा रंग जो आणेल त्याची सायकल घेईन. तुम्ही आणलात तर तुमची."

हे आपणास कळावे म्हणून लिहिले. मी कोणतीही गोष्ट मागील दाराने करीत नाही.

आपला,
निळे मास्तर

◆

दि. ९ मार्च

मास्तर,

मागच्या दारानं करत नाही म्हणता, आणि माझ्या गिऱ्हाइकाच्या पुढच्या दारानं शिरलात! ब्रेकची तार म्हणे. भिंतीवर टांगलेल्या सायकलला ब्रेक कशाला लागतो? ती काय उतारावरून सुटणार आहे?

इतकी वर्षं तुम्ही वर आणि मी खाली, याचं मला काही वाटलं नाही. सासरी तुम्हाला पाट आणि मला चटई, तेव्हाही नाही. सासूबाई म्हणायच्या, "थोरल्या जावयाच्या हातात कला आहे, धाकट्याच्या हातात पास आहे, मीटरखात्याचा." मी हसायचो सगळ्यांबरोबर. आयुष्यात एकदा एका भिंतीवर माझी एक सायकल लागली, तर तुम्हाला एवढं झोंबावं?

आणि वाळू कोरडी करताय ना? ताई धाकटीला सांगतात की जळक्या तेलाच्या वासानं शेजारच्या शिंप्यानं दुकान लवकर बंद करायला सुरुवात केलीय, आणि तुमच्या भंगाराच्या पिंपाचं झाकण बसेनासं झालंय. ती काय स्वच्छ वाळू आहे पिंपात?

करा, तुम्हीच करा. मला काही विचारू नका. मीही तुम्हाला काही विचारणार नाही.

मीटरवाला

◆

दि. ३ एप्रिल

साडूबुवा यांस,

इतके दिवस उत्तर दिले नाही, कारण उत्तर देण्याजोगे काही नव्हते. आज आहे.

प्रथम हे मान्य करतो की मी प्रयत्न केला. लपविण्याचे कारण आता उरलेले नाही, व माझ्याच घरातून बातम्या जात असता ते शक्यही नाही. प्रयत्नाचा निष्कर्ष असा की तो रंग मला येत नाही. चाक फिरविणे थांबविले की एक बाजू पुढे जाते व रंगांचे पट्टे पडतात, हे खरे. परंतु त्यांच्या सीमा पट्टीने आखल्यासारख्या सरळ पडतात. हात मुद्दाम हलवला तर त्या करवतीसारख्या होतात. डोळे मिटून पाहिले. डोळे मिटले तरी मन चाकावरच राहते आणि हात पुन्हा शहाण्यासारखा फिरू लागतो. पन्नासाहून अधिक वर्षांची सवय आहे, ती मोडत नाही. आपला रंग पाण्यासारखा वाहिला आहे. माझा उभा राहतो. जेवताना मला ताटाच्या कडेस तो रंग दिसतो. झोपेत मी एकदा "उचल" असे ओरडलो, असे पत्नी सांगते.

हे मी अशासाठी लिहिले की यापुढील मजकूर चिडून लिहिला आहे असे आपण समजू नये. मी पूर्ण शांत आहे.

काल बाईंकडे सर्व सायकलींचे वर्षाचे तेलपाणी होते. बाईंनीच सांगितल्यावरून मी आपलीही सायकल भिंतीवरून उतरवली आणि चेनव्हील सोडवून उलटे केले. आतल्या बाजूस, आसाच्या भोकाशेजारी, चंद्रकोरीचा ठसा आहे. ती चंद्रकोर माझी आहे. तिचा ठसा मी स्वतः कोरला असून तो माझ्या गल्ल्याच्या कप्प्यात असतो. माझ्या हातच्या प्रत्येक चाकाच्या आत ती असते, व हे माझ्याखेरीज कोणासही माहीत नाही, कारण चाक उलटे कोणी करीत नाही.

म्हणजे नक्कल नव्हे. चाकच माझे. ते माझ्या दुकानातून गेले आहे. मी असे चाक कोणास दिलेले नाही, विकलेले नाही, आणि असा रंग माझ्या हातून कधी दुकानाबाहेर पडलेला नाही. तेव्हा माझे चाक चोरून नेऊन त्यावर आपण आपला रंग चढवला, एवढाच अर्थ निघतो. चाक माझे, रंग आपला. यातील कोणत्या अर्ध्याचा मला अधिक राग आला आहे, हे मी सांगू शकत नाही.

आपण साडू आहात म्हणून पोलिसांत जात नाही. उत्तर पाठवू नये.

निळे मास्तर

◆

दि. ४ एप्रिल
स्वयंपाकघर

अहो,

समोर बसून सांगितलेलं तुम्ही ऐकत नाही, सगळं लेखी लागतं, म्हणून स्वयंपाकघरातून दुकानात पत्र धाडते आहे. तिकीट लागत नाही ते बरं.

तुम्ही पत्र पाकिटात घालायच्या आधी मोठ्यानं वाचता. कालचं मी ऐकलं. इतके दिवस मला हसू येत होतं, काल ते गेलं. चोर मी आहे.

आठवा. धाकटीचं लग्न नुकतंच झालं होतं. तुम्ही वाळूवर चाक फिरवत होतात, मी दाराशी भाजी निवडत होते. गल्लीच्या तोंडाशी मीटरवाले दिसले. लग्नानंतर पहिल्यांदाच आपल्याकडे येत होते, कोऱ्या करकरीत सायकलवरून. कारखान्याची, हिरवीगार, दुकानातून विकत घेतलेली. मी म्हटलं, "अहो, बघा कोण आलंय." तुम्ही बघितलंत. सायकलवाल्याच्या साडूनं सायकल बाहेरून घ्यावी, हे तुमच्या तोंडावर मला लांबून वाचता आलं. ते उतरले, स्टँड लावला, खिशातून रुमाल काढून सीट पुसली, घंटी वाजवून बघितली. तुम्ही बघतच राहिलात. चिमट्याचा हात मात्र चालूच होता, आपला आपण, झोपेतल्या माणसानं पाळणा हलवावा तसा. मग वळून खाली बघितलंत आणि ओरडलात.

माझ्यावर ओरडलात. पाहुण्यासमोर. "कशाला हाक मारलीस?" असं विचारलंत आणि उत्तर ऐकायला थांबला नाहीत. ते चाक पिंपात भिरकावलंत, आणि तेव्हापासून आपल्या घरात कधी दूध नासलं तरी "तुझ्यामुळे गेलं ते चाक" हे आलंच. गेल्या वर्षीही म्हणालात, तुम्हाला आठवत नसेल. चाक कसं दिसत होतं ते विसरलात, कोणामुळे गेलं तेवढं लक्षात ठेवलंत.

मी ते पिंपातून काढलं. का काढलं विचाराल, तर मला आवडलं. तुमची सगळी निळी चाकं छान असतात, पण ती तुमच्यासारखी असतात, ताठ. हे एकटंच जरा मऊ होतं. घरात ठेवलं असतं तर तुम्ही पुन्हा फेकलं असतंत, म्हणून धाकटीला दिलं. तिनं ते स्वयंपाकघरात खिळ्याला लावलं आणि पाच पाकळ्यांना पाच फडकी अडकवली. तुम्ही तिच्याकडे किती वेळा जेवलात! पाण्याचा पेलाही बसल्या जागी मागितलात. आत डोकावला असतात तर दिसलं असतं.

मीटरवाल्यांनी रिटायर झाल्यावर फडकी काढून ते पुसलं, एवढंच त्यांचं काम. रंग तुमचाच आहे. दोन महिने तुम्ही ज्याच्यावर जळताय, तो माणूस तुम्हीच.

आमटी गार होतेय. जेवायला या. उत्तर लेखी नको.

◆

दि. १५ एप्रिल

मास्तर,

उत्तर पाठवू नका म्हणालात, तरी पाठवतो. तुमचं चोरीचं पत्र आणि ताईंचं धाकटीला आलेलं पत्र एकाच दिवशी मिळालं. एक वाचून मी उठलो, दुसरं वाचून बसलो.

पहिल्या पत्रातच सगळं सांगायला हवं होतं. चंद्रकोर मला माहीत नव्हती, पण चाक तुमच्याकडचं आहे एवढं माहीत होतं. तरी "हाती आलं" असं लिहिलं. खोटं नाही लिहिलं, पण खरंही नाही. का? तुम्ही लिहिलं होतंत की तो दोष मी बराच वेळ पाहिला. मास्तर, इतक्या वर्षांत माझ्या हातच्या कुठल्याही गोष्टीकडे तुम्ही बराच वेळ पाहिलेलं नव्हतं. ते वाक्य मी धाकटीला दोनदा वाचून दाखवलं. मग ते परत द्यायचं जिवावर आलं.

हिरव्या सायकलीचंही सांगून टाकतो. ती बाहेरून का घेतली? तुमच्याकडे मागितली असती तर तुम्ही हौसेनं बांधून भेट दिली असतीत, आणि मी जन्मभर थोरल्या साडूनं दिलेल्या सायकलवर बसलेला धाकटा साडू झालो असतो. ती मुद्दाम तुमच्या दारात उभी केली. घंटीसुद्धा मुद्दाम वाजवली. तुम्ही बघताय हे मला दिसत होतं. माझ्यामुळे तिकडे चाक बिघडतंय, हे कुठे ठाऊक होतं!

आणि हो, तो "सहज" विचारलेला प्रश्न. परीक्षा नव्हती हो. मला खरंच येत नाही. माझ्याकडे वाळूचं तसराळंसुद्धा नाही. बाईंना हो म्हणून बसलो होतो आणि घाम फुटला होता.

काल जाऊन बाईंना सगळं सांगितलं. त्या खूप हसल्या, तोंडाला मास्क होता म्हणून किती ते कळलं नाही. म्हणाल्या, "मला जोडीदार हवीच आहे. कोणी काय केलं ते लेखी द्या, दोन्ही सायकलींच्या मागे लावेन. नाही जमलं तर तिथे मोठा आरसा लावते."

आरसा, मास्तर. तुमच्या भिंतीवर.

चाक तुम्ही करा, बाकी मी जमवतो. जमेल की नाही ते कळवा. लेखीच कळवा, आता मलाही सवय लागलीय.

तुमचा,
मीटरवाला

◆

दि. २० एप्रिल

साडूबुवा यांस,

चोरीचा आरोप मागे घेत आहे. घंटीचा मागे घेत नाही.

पत्नीस समोर बसवून रोज हाक मारावयास सांगतो. ती मारते, मी पाहतो, चाक सरळ पट्ट्यांचेच निघते. जी हाक येणार हे माहीत आहे, तिच्याकडे मान वळते, मनुष्य वळत नाही. कालपासून पत्नी म्हणते की तिचा घसा बसला.

आपण येत्या रविवारी टेम्पोतून पहिली सायकल घेऊन यावे, म्हणजे जोडीदाराची मापे घेता येतील. चाकाचा भरवसा देत नाही.

निळे मास्तर

◆

दि. २ मे

दंतवैद्य बाई यांस,

लिहून देणार: मी, पूर्वी आपल्या समोरच्या भिंतीवर व हल्ली आपल्या जिन्यात ज्याचे काम आहे तो निळे मास्तर, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथी पास, आपण मागितल्यावरून दोन सायकलींबाबत खरे ते लिहून देतो ऐसाजे.

पहिल्या सायकलीचे चेनव्हील मी कापले, मी घासले, मी तापविले, मी बिघडविले व मी फेकले. माझ्या पत्नीने ते उचलले. मेहुणीने सांभाळले. माझ्या साडूंनी ते पाहिले, आणि त्यास शोभेल अशी सायकल त्याच्याभोवती उभी केली. एखाद्या वस्तूकडे पाहून तिला काय हवे आहे हे ओळखणे हे काम आहे, असे मी आजवर धरीत नव्हतो. आता धरतो. ती सायकल त्यांची आहे.

दुसऱ्या सायकलीच्या चाकाची हकीकत अशी. साडू रविवारी टेम्पोतून यावयाचे होते. ते शनिवारी आले. मी रोजच्याप्रमाणे वाळूवर चाक फिरवीत होतो. ते वाया जाणार हे धरूनच बसलो होतो. पत्नीस घशाच्या कारणावरून सुट्टी दिली होती व ती दाराशी उभी होती; मेहुणी रिक्षाने पुढे येणार हे मला कोणी सांगितले नव्हते. ती पोचली होती. दोघी दाराशीच होत्या. इतक्यात घंटी वाजली.

पत्नी म्हणाली, "अहो, बघा कोण आलंय."

बसलेल्या घशाने म्हणाली. ती हाक ठरलेली नव्हती, हे तिने आपल्या बहिणीची शपथ घेऊन सांगितले आहे. बहीण तेव्हा हसत होती, म्हणून मी ही शपथ अर्धी धरतो.

मी पाहिले. साडू गल्लीतून आपली ती हस्तिदंती सायकल चालवीत येत होते. बाई, आपण क्षमा करावी. संग्रहाची सायकल रस्त्यावर आणू नये हे त्यांना ठाऊक आहे. ते म्हणाले की टेम्पोवाला आला नाही. टेम्पोवाल्यास मी विचारलेले नाही.

ते ताठ बसले होते. आणि चाक फिरत होते. ते चाक मी भिंतीवर स्थिर पाहिले होते, हातात उलटे धरून पाहिले होते, फिरताना कधी पाहिले नव्हते. फिरताना त्यातले सोने निळ्यात जात होते आणि निळ्यातून धुऊन निघाल्यासारखे परत वर येत होते. गल्लीतील लोक थांबले होते. शिंपी बाहेर आला होता. ते माझ्या हातचे होते, आणि दुसऱ्याच्या पायाखाली इतके सुंदर फिरत होते, आणि लोक त्याच्याकडे पाहत होते, माझ्याकडे कोणी पाहत नव्हते.

मला मत्सर वाटला. दिनांक ४ फेब्रुवारीच्या माझ्या पत्रातील विधान याच्या विरुद्ध आहे. ते रद्द समजून हे खरे धरावे.

साडू दाराशी आले, उतरले, स्टँड लावला, आणि खिशातून रुमाल काढून सीट पुसू लागले. ते मी पाहत राहिलो. किती वेळ, हे सांगता येत नाही, कारण मी मोजत नव्हतो. मग पत्नीने दुसरी हाक मारली, "अहो, चाक!"

मी उचलून तेलात घातले. पहिल्या वेळीही तिने ही दुसरी हाक मारली होती काय, हे मी तिला नंतर विचारले. ती म्हणाली, "आता काय करायचंय?" म्हणजे मारली होती.

चाक तेलातून काढून पुसले. रंग आला आहे. सीमा वाहत्या आहेत. पहिल्यापेक्षा यात सोने किंचित कमी आहे, हे आपल्या लक्षात येणार नाही, माझ्या येते, व त्याचा मला त्रास होतो. पहिले चाक ज्याने केले तो मनुष्य माझ्याहून तरुण होता आणि त्यास आपण काय केले हे कळलेही नाही. त्याचाही मत्सर वाटतो, परंतु त्यास पत्र लिहिता येत नाही.

चाकाच्या आतल्या बाजूस नेहमीप्रमाणे माझी चंद्रकोर आहे. तिच्याशेजारी यावेळी मी एक लहान घंटी कोरली आहे. ती साडूंची. ती कोणास दिसणार नाही, परंतु चाक उलटे केल्यास सापडेल.

बाकी सायकल साडू जमवीत आहेत. फ्रेम कोणत्या रंगाची ठेवावी यावर कालपासून वाद चालू आहे. मी गप्प बसण्याचे ठरविले आहे. फ्रेम गडद असावी.

विनंती एकच. दोन्ही सायकली समोरच्या भिंतीवर तोंडाला तोंड लावून लावाव्यात आणि आरशाचा विचार सोडावा. जिन्यातील छत्री आपणहून काढल्यास उपकार होतील.

वरील मजकूर मी मोठ्याने वाचून दाखविला, तो सर्वांनी ऐकला. चाक तेलात जाताना हजर असलेले साक्षीदार:

माझी पत्नी, जिने दोन्ही वेळा हाक मारली.

मेहुणी, जिने वाचन चालू असताना तोंडावर पदर धरला होता.

साडू, मीटरवाले, जे सायकलची सीट पुसत होते; मी पाहत होतो ते त्यांच्याकडेच.